स्टेरॉइडचीं औषधें आणि आपले दांत



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांस वाटेल कीं, याच्याशीं आपला काय संबंध? स्टेरॉइड हा शब्द वर्तमानपत्रांत वाचलेला असतो. कोणी खेळाडू तें औषध चोरून घेतो, तपासणींत सांपडतो आणि त्याचें पदक काढून घेतलें जातें, एवढीच बहुतेकांस त्याची ओळख. खेळाडूंचें तें औषध याच कुळांतलें खरें, परंतु त्याची शाखा निराळी. मी ज्याविषयीं बोलणार आहें तें कदाचित् आपल्या घरांत, उशाशीं ठेवलेल्या डब्यांतच असेल. दम्याच्या माणसाच्या खिशांतील पंपांत तें असतें. सांधे धरलेल्या आजीबाई सकाळीं जी बारीक पांढरी गोळी घेतात तिच्यांत पुष्कळदां तेंच असतें. मूत्रपिंडाच्या विकारानें अंगावर सूज आलेल्या लहान मुलाच्या औषधांत तें असतें. प्रेड्निसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, बुडेसोनाइड अशीं त्याचीं लांबलचक नांवें वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेलीं असतात. त्यामुळें घरांत त्यास सुजेची गोळी, दम्याचा पंप किंवा नुसतें ताकदीचें औषध एवढेंच म्हणतात. हें औषध महिनोनमहिने, कित्येकदां वर्षानुवर्षें घ्यावें लागलें म्हणजे दांत, हिरड्या व जबडा यांवर काय परिणाम होतो, याचा विचार आज करावयाचा आहे.

मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन व पुढें शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून मीं आजरा तालुक्यांतील प्राथमिक शाळांतून मुलांस शिकविण्यांत आयुष्य घालविलें. परंतु गेलीं दोन वर्षें हें औषध मी स्वतः घेत आहें. त्या निमित्तानें डॉक्टरांस प्रश्न विचारून, त्यांनीं सांगितलेलें वहींत उतरून घेऊन, न समजलें तें पुन्हां विचारून जें ध्यानांत आलें तें आपणांपुढें ठेवीत आहें. आमच्याकडे पाऊस कोंकणासारखा पडतो. हिरण्यकेशी दुथडी भरून वाहूं लागली कीं चार महिने भिंतींना ओल आणि अंथरुणें सादळलेलीं. घनसाळ भातास हें हवामान मानवतें. माणसाच्या छातीस व सांध्यांस तें मानवतेंच असें नाहीं. कोणत्याहि गल्लींत शिरा, पंप ओढणारा किंवा गोळी घेणारा एखादा तरी भेटतोच. आणि दांतांकडे पाहण्याची आमची रीत अशी कीं, दुखेपर्यंत दांत आहे याची आठवण नाहीं, आणि दुखूं लागला कीं काढून टाकण्यावांचून दुसरा विचार नाहीं. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होतें तेंच सांगावयाचें आहे.

प्रथम या औषधाचा जन्म कसा झाला तें पाहूं, कारण त्यावांचून त्याचा गुण व अवगुण एकाच मुळांतून कसे निघतात हें कळत नाहीं. आपल्या दोन मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथि आहेत. त्या रोज कॉर्टिसॉल नांवाचा स्राव रक्तांत सोडतात. या ग्रंथि निकामी झाल्या म्हणजे मनुष्य कसा झिजत जातो, याचें वर्णन लंडनच्या थॉमस ॲडिसन या वैद्यानें १८५५ सालीं केलें. पुढें अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें एडवर्ड केंडॉल यांनीं या ग्रंथींतील द्रव्यें वेगळीं केलीं. आणि त्यांचे सहकारी फिलिप हेंच यांनीं १९४८ च्या सप्टेंबरांत, संधिवातानें जखडलेल्या एका बाईस त्यांपैकीं एका द्रव्याचीं इंजेक्शनें दिलीं. जिला अंथरुणांतून उठवत नव्हतें ती कांहीं दिवसांतच चालूं लागली. त्या द्रव्यास कॉर्टिसोन हें नांव मिळालें, आणि १९५० सालीं केंडॉल, हेंच व स्वित्झर्लंडमधील टाडेउश राइखस्टाइन या तिघांस नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. रामबाण सांपडला असें लोकांस वाटलें. परंतु लवकरच नाण्याची दुसरी बाजू दिसूं लागली. चेहरा वाटोळा होणें, रक्तांत साखर वाढणें, हाडें ठिसूळ होणें, जखमा लवकर न भरणें, हीं लक्षणें नवीं नव्हतीं. शरीरांत कॉर्टिसॉल आपोआप वाजवीपेक्षां अधिक झाला म्हणजे जें होतें त्याचें वर्णन हार्वे कुशिंग या शस्त्रवैद्यानें १९३२ सालींच करून ठेविलें होतें. बाहेरून दिलें तरी तेंच होणार, हें उघड आहे.

आतां गुण कोठें आहे तें पाहा. शरीरांत जंतु शिरले किंवा इजा झाली कीं त्या ठिकाणीं रक्ताचा ओघ वाढतो, लाली येते, सूज येते, दुखूं लागतें. यास दाह म्हणतात. स्टेरॉइड हा दाह दाबतें. संधिवातांत किंवा दम्यांत दाह निष्कारण भडकलेला असतो. तेथें तो दाबणें हेंच औषध. परंतु गोळी पोटांत गेली म्हणजे रक्ताबरोबर सर्वत्र जाते. गुडघ्याकडे जा, हिरडीकडे जाऊं नको, असें तिला सांगतां येत नाहीं.

आणि हिरडींतला दाह निष्कारण नसतो. दांताच्या मुळाशीं रोज जंतूंचा चिकट थर सांचतो. तो घासून निघाला नाहीं तर त्याचें कीटण बनतें. मग हिरडी लाल होते, फुगते, घासतांना रक्त येतें. हें रक्त म्हणजे हिरडीनें केलेली तक्रार होय. ती वेळीं ऐकली तर सारें पूर्ववत् होतें. न ऐकली तर जंतु दांत आणि हिरडी यांमधील फटींत खोल उतरतात. दांतास धरून ठेवणारे तंतु व भोंवतालचें जबड्याचें हाड झिजूं लागतें, आणि झिजलेलें हाड आपोआप परत भरून येत नाहीं. स्टेरॉइड घेणाऱ्याच्या तोंडांत ही झीज चालूच राहूं शकते, पण तक्रार मात्र मंदावते. लाली बेताची, सूज बेताची, दुखणें जवळजवळ नाहीं. शिक्षकाच्या धंद्यांतला एक अनुभव येथें आठवतो. शेजारच्या वर्गांत गोंगाट चालू असतो तोंवर तेथें काय चाललें आहे याचा अंदाज येत असतो. एकाएकीं सामसूम झाली म्हणजे मात्र खुर्चीवरून उठून पाहावें लागतें. हिरड्यांच्या सामसुमीचेंहि तसेंच आहे.

माझें स्वतःचें उदाहरण सांगतों, तें औषधाची निंदा करण्याकरितां नव्हे. साठीनंतर मला खांदे व कंबर जखडण्याचा विकार जडला. हा वाताचा एक प्रकार असून तो बहुधा पन्नाशीच्या पुढेंच होतो. सकाळीं सदरा घालावयास हात वर जाईना. कोल्हापूरच्या डॉक्टरांनीं रक्त तपासून रोज १५ मिलिग्रॅम प्रेड्निसोलोन सुरू केलें, आणि तिसऱ्या दिवशीं मीं विहिरीवरून स्वतः पाणी आणलें. डॉक्टरांनीं तेव्हांच बजावलें कीं, ही गोळी वर्ष दोन वर्षें, हळूहळू कमी करीत, घ्यावी लागेल. पुढें दहा महिन्यांनीं भाकरी चावतांना खालची एक दाढ किंचित् डुलते असें जाणवलें. दुखत नव्हती, रक्त नव्हतें, सूजहि नव्हती. गडहिंग्लजला दंतवैद्यांकडे गेलों व औषधांची चिठ्ठी त्यांच्या हातीं दिली. त्यांनीं हिरडीची खोली मोजण्याची खुणांची बारीक सळई दाढेच्या कडेनें आंत घातली, ती ७ मिलिमीटर गेली. निरोगी हिरडींत ती १ ते ३ मिलिमीटरच जाते. आंत पू होता. मीं विचारलें, "ही सारी करणी गोळीची का?" ते म्हणाले, "नाहीं गुरुजी, कीटण जुनें आहे, गोळीच्या आधींचें. गोळीनें एवढेंच केलें असावें कीं, तुम्हांला कळूं दिलें नाहीं." दोन खेपांत त्यांनीं मुळापर्यंत सफाई केली. दाढ अजून जागेवर आहे. मात्र सुपारी मीं सोडली आहे.

दंतवैद्यांच्या या उत्तरांत मला शास्त्राचा प्रामाणिकपणा दिसला, कारण या बाबतींत अतिशयोक्ति फार चालते. स्टेरॉइडनें दांतांतला चुना विरघळतो, दांत भुसभुशीत होऊन गळून पडतात, असें छातीठोकपणें सांगणारे लोक भेटतात. दांतावरील जें कठीण कवच आहे, ज्यास इनॅमल म्हणतात, तें हाड नव्हे. त्यांत रक्तवाहिन्या नाहींत, आणि एकदां तयार झाल्यावर त्यांतील चुना रक्तांत काढून घेण्याचा मार्ग शरीरास नाहीं. दांत किडतो तो तोंडांतील जंतु साखरेपासून जें आम्ल तयार करतात त्यानें. औषधाचा संबंध येतो तो आडवाटेनें. पंप ओढणाऱ्याचें तोंड कोरडें पडतें, आणि लाळ कमी झाली कीं आम्ल धुऊन जात नाहीं. लहान मुलांस औषध गोड पाकांतून देतात, तेंहि निजतांना, आणि मूल तसेंच झोंपीं जातें. अशा मुलाचे दांत किडले तर दोष औषधापेक्षां पाकाचा व न भरलेल्या चुळेचा अधिक. दांताच्या पोटांत जी मज्जेची पोकळी असते ती मात्र दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या, विशेषतः मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांत अरुंद झालेली आढळली आहे. त्यानें त्रास होतोच असें नाहीं. दांताच्या मुळांवर उपचार करावयाची पाळी आली तर दंतवैद्याचें काम अवघड होतें, एवढेंच.

हाडांची गोष्ट मात्र निराळी. दांत कितीहि भक्कम असला तरी तो ज्या जबड्यांत रोंवलेला आहे तो हाडाचाच. स्टेरॉइड नवें हाड घडण्याचें काम मंद करतें. आणि ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, हाडांची घट पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सर्वांत जलद होते. म्हणून रोज अडीच मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेड्निसोलोन तीन महिने वा त्यापेक्षां जास्त घ्यावयाचें असेल तर आरंभींच हाडांचा विचार करावा, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व पुरेसें मिळतें कीं नाहीं तें पाहावें, असें आजचे तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे नाचणी आहे, दूध आहे, ऊन आहे. तरी डॉक्टरांनीं गोळी दिली तर ती टाकूं नये. हिरडीचा रोग एका बाजूनें हाड पोखरीत असतां दुसऱ्या बाजूनें तेंच हाड विरळ होऊं लागलें, म्हणजे दांत हलण्यास वेळ लागत नाहीं.

याहून मोठी भीति साखरेची. स्टेरॉइडनें रक्तांतील साखर वाढते. ज्यास मधुमेह आहे त्याचा बळावतो, आणि ज्यास नाहीं त्यासहि कधीं कधीं नव्यानें जडतो. मधुमेह व हिरडीचा रोग हे एकमेकांचे साथीदार आहेत. एक वाढला कीं दुसरा वाढतो. ही साखर आणि हें औषध एकत्र येऊन काय करूं शकतात, तें महाराष्ट्रानें २०२१ च्या उन्हाळ्यांत पाहिलें. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्यूकरमायकोसिस नांवाचा बुरशीचा रोग एकाएकीं पसरला, आणि देशांत महाराष्ट्र व गुजराथ या दोन राज्यांत त्याचे रुग्ण सर्वांत अधिक आढळले. या बुरशीचे कण मातींत व हवेंत नेहमींच असतात. निरोगी माणसास त्यांची बाधा सहसा होत नाहीं. परंतु साखर वाढलेली, आणि प्रतिकारशक्ति स्टेरॉइडनें दाबलेली, अशा शरीरांत ती नाकावाटे शिरून गालाच्या हाडांतील पोकळ्यांत व वरच्या जबड्यांत पसरली. कित्येकांचें पहिलें लक्षण दांताचेंच होतें. वरच्या बाजूचे दोन-तीन चांगले दांत एकदम हलूं लागणें, गाल बधिर होणें, हिरडीवर पुवाच्या पुळ्या येणें, टाळूवर काळा डाग पडणें. किती तरी रुग्ण प्रथम दंतवैद्याच्याच दारीं गेले. कांहींचा वरचा जबडा काढावा लागला, कांहींचा डोळा गेला, कांहीं दगावले. त्या मे महिन्यांत केंद्र सरकारनें राज्यांस कळविलें कीं, साथरोग कायद्याखालीं या रोगाची नोंद सक्तीची करावी. ॲम्फोटेरिसिन या औषधासाठीं नातलग गांवोगांव धांवत होते, तें आपणांस आठवत असेल.

येथें औषधावर सगळा दोष टाकणें अन्यायाचें होईल. ऑक्सफर्ड विद्यापीठानें चालविलेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०२० च्या जूनमध्यें प्रसिद्ध झाला तो असा कीं, रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तींत जास्त दहा दिवस दिल्यानें, श्वासयंत्रावर असलेल्या रुग्णांतील मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें घटले. ज्यांस प्राणवायूची गरज नव्हती त्यांस मात्र कांहीं फायदा झाला नाहीं. मात्रा, दिवस आणि पात्र रुग्ण, तिन्ही गोष्टी ठरवून दिलेल्या होत्या. परंतु मोबाइलवरून एकाची चिठ्ठी दहांकडे गेली, आणि ताप आल्याच्या पहिल्या दिवसापासून घरोघर गोळ्या सुरू झाल्या. साखर कोणी मोजली नाहीं.

आतां पंपाविषयीं. आमच्या सौभाग्यवतींस दमा आहे. पंपांतलें स्टेरॉइड गोळीच्या मानानें फारच थोडें असतें आणि तें थेट छातींत जातें, म्हणून दम्यास तेंच उत्तम. परंतु फवाऱ्यांतील बराच भाग तोंडांत व घशांत बसतो. तेथें कँडिडा नांवाची बुरशी वाढते आणि जीभ, टाळू, गालांचा आंतील भाग यांवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके दिसूं लागतात. तोंडाची आग होते, आमटीचें तिखट सोसत नाहीं. उपाय इतका साधा आहे कीं सांगावयास संकोच वाटतो: पंप ओढला कीं ताबडतोब खळखळून चूळ भरावी, घसा गुळणी करून धुवावा व तें पाणी थुंकून टाकावें. पंपास जोडावयाची नळकांड्यासारखी पोकळ नळी, जिला स्पेसर म्हणतात, ती वापरली तर औषध तोंडांत कमी बसतें व छातींत अधिक जातें. सौभाग्यवतींनीं पंपाची जागा देव्हाऱ्याजवळून हलवून मोरीच्या फळीवर, दांत घासण्याच्या ब्रशाशेजारीं केली. आतां आधीं पंप, मग चूळ, मग ब्रश असा क्रम आपोआप घडतो. कवळी वापरणाऱ्यांनीं ती रात्रीं काढून, घासून, पाण्यांत ठेवावी. बुरशीस कवळीखालची जागा फार आवडते.

पांढऱ्या डागांविषयीं एक सूचना आमच्या भागापुरती फार महत्त्वाची वाटते. कोल्हापूर, सांगली, सातारा या बाजूच्या बायकांत मिसरी लावण्याची चाल जुनी आहे. तव्यावर तंबाखू भाजून, कुटून ती हिरड्यांस चोळावयाची. एकदां सकाळीं म्हणून आरंभ होतो आणि मग दिवसांतून चार-पांच वेळां हात डबीकडे जातो. दंतमंजनांत तंबाखू घालण्यास केंद्र सरकारनें १९९२ सालीं बंदी केली, पण घरच्या तव्यावर कोण पहारा ठेवणार? बुरशीचा पांढरा थर बोटाला फडकें गुंडाळून पुसला असतां निघतो व खालीं लाल जागा दिसते. तंबाखूनें पडलेला पांढरा चट्टा पुसून निघत नाहीं, आणि त्यांतून पुढें कर्करोग उद्भवूं शकतो. असा न निघणारा चट्टा पंपामुळें आला असेल म्हणून घरीं बसूं नये. तो दाखविलाच पाहिजे. शिवाय तंबाखूनेंहि हिरडीचें रक्त येणें मंदावतें. धूम्रपान करणाऱ्यांत तर तें स्पष्टच आढळलें आहे. म्हणजे तंबाखू व स्टेरॉइड दोन्ही चालू असतील तर हिरडीच्या तक्रारीवर दोन झांकणें बसलीं म्हणावयाचीं.

तसेंच पुडीचें. बाजारांत, यात्रेंत, कधीं घरीं येऊन कोणी सांधेदुखीवर किंवा दम्यावर जडीबुटीची म्हणून भुकटी देतो. वेष्टनावर नांव नाहीं, घटक नाहींत. दोन दिवसांत उतार पडतो, भूक वाढते, महिन्या-दोन महिन्यांत गाल वर येतात, आणि प्रकृति सुधारली असें सारे म्हणतात. अशा पुड्या तपासल्या असतां त्यांत स्टेरॉइड मिसळलेलें वारंवार आढळलें आहे. आपल्याकडे या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा कायदा आहे, तो उगाच नाहीं. पुडी घेणाऱ्यास आपण स्टेरॉइड घेतों हेंच ठाऊक नसतें, मग तो दंतवैद्यास काय सांगणार? अशा माणसानें निदान ती पुडी तरी खिशांत घालून न्यावी.

इतकें ऐकून कोणी म्हणेल, मग हें औषध फेंकूनच द्यावें. तसें मुळींच करूं नये. माझे एक शिक्षकमित्र आठ महिने ही गोळी घेत होते. एका लग्नाच्या पंगतींत शेजारच्या गृहस्थांनीं त्यांस सांगितलें कीं, या गोळीनें दांत पडतात. त्यांचा एक दांत हलत होताच. त्यांनीं त्याच रात्रीं गोळ्या बंद केल्या. चौथ्या-पांचव्या दिवशीं ओकाऱ्या सुरू झाल्या, चक्कर येऊं लागली, अंथरुणावरून उठवेना. रुग्णालयांत नेलें तेव्हां रक्तदाब पार खालीं उतरला होता. शिरेंतून तेंच औषध दिलें तेव्हां ते सावध झाले. दांत हलत होता तो हलतच राहिला. याचें कारण असें. शरीर रोज जितका कॉर्टिसॉल तयार करतें तो ढोबळ मानानें ५ मिलिग्रॅम प्रेड्निसोलोनच्या तोलाचा असतो. बाहेरून त्याहून अधिक पुरवठा तीन-चार आठवडे होत राहिला कीं त्या दोन ग्रंथि काम सोडून देतात, आणि पुन्हां कामास लागण्यास त्यांस आठवडे, कधीं महिने लागतात. म्हणून गोळी कमी करावयाची ती डॉक्टरांनीं आंखून दिलेल्या पायऱ्यांनींच. हेंहि विसरूं नये कीं, तोंडाचेच कांहीं विकार असे आहेत ज्यांस याच औषधानें तारलें. पेंफिगस नांवाच्या विकारांत प्रथम तोंडांत फोड येऊन फुटतात, घांस गिळवत नाहीं. स्टेरॉइड निघण्यापूर्वीं त्यांतून रुग्ण क्वचितच वांचत असत.

तेव्हां करावयाचें काय? गोळी दीर्घकाळ चालणार असें डॉक्टरांनीं सांगितलें कीं त्याच पंधरवड्यांत, दुखो वा न दुखो, दंतवैद्यांकडे जाऊन तोंड दाखवावें. कीटण काढून घ्यावें, किडलेले दांत भरून घ्यावे, जो दांत राहणारच नाहीं तो काढून घ्यावा. पुढें दर सहा महिन्यांनीं जावें. घरीं मऊ ब्रशानें दोन वेळां, फ्लुओराइड असलेल्या पेस्टनें दांत घासावे. राखुंडी, विटेची पूड, मीठ-कोळसा हें आतां पुरे.

दांत लवकर काढून घेण्याविषयीं आग्रह धरण्यास आणखी एक कारण आहे. हाडें ठिसूळ होऊं नयेत म्हणून कित्येकांस आठवड्यास एक गोळी किंवा वर्षास एक इंजेक्शन देतात. ॲलेंड्रोनेट, झोलेड्रोनेट अशीं त्यांचीं नांवें आहेत. हीं औषधें हाडांस हितकरच आहेत. परंतु तीं चालू असतां दांत उपटला तर फार थोड्या रुग्णांत ती जागा भरून येत नाहीं व जबड्याचें हाड उघडें पडतें. ही गोष्ट २००३ सालापासून वैद्यांच्या ध्यानांत आली. कर्करोगासाठीं हीं औषधें मोठ्या मात्रेंत घेणाऱ्यांत हें प्रमाण अधिक असतें, नुसत्या ठिसूळ हाडांसाठीं घेणाऱ्यांत अगदीं थोडें. पण बरोबर स्टेरॉइड असेल तर धोका कांहींसा वाढतो. म्हणून तीं सुरू होण्यापूर्वींच तोंडांतील जुनीं दुखणीं निस्तरलेलीं बरीं. आधींच सुरू असतील तर मनानें थांबवूं नयेत; दंतवैद्यास नांव सांगावें, पुढचें ते पाहतील.

आणि दांत काढावयाची वेळ आलीच तर चार गोष्टी न विचारतां सांगाव्या: कोणती गोळी घेतों, किती मिलिग्रॅम, किती महिन्यांपासून, आणि गेल्या वर्षभरांत बंद केली असेल तर केव्हां. मधुमेह असेल तर तोहि सांगावा. मीं हें सारें एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून पाकिटांत ठेविलें आहे, कारण तोंडांत सळई असतांना कोणासहि नीट बोलतां येत नाहीं. पूर्वीं अशा प्रसंगीं सरसकट स्टेरॉइडची जादा मात्रा देत असत. आतां जागा बधिर करून एखादा दांत काढावयाचा असेल तर बहुतेकांस नेहमींची मात्रा पुरते, मोठ्या शस्त्रक्रियेस मात्र वाढवावी लागते. तो निर्णय दोन्ही डॉक्टरांनीं मिळून करावयाचा. जखम भरण्यास इतरांहून अधिक दिवस लागतील हें धरून चालावें, आणि ताप, पू किंवा वाढती सूज दिसली तर वाट न पाहतां परत जावें. कांहीं लोक दांत काढावयाच्या दिवशीं उपाशीं पोटीं, औषध न घेतां जातात. स्टेरॉइड घेणाऱ्यानें तसें करूं नये. त्या दिवशींची गोळी सकाळीं नेहमीप्रमाणें न्याहारीबरोबर घेऊनच घरांतून निघावें.